लीज लाइन विकणाऱ्याची दुसरी वाट

कंपन्या, कारखाने, रुग्णालये आणि शाळा यांना इंटरनेटची जोडणी विकणे हा भारतात तसा तरुण धंदा आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट मिळाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत विशी-पंचविशीत या विक्रीत शिरलेली पिढी आज चाळीस-पन्नाशीत आहे. खासगी कंपनीत लीज लाइन विकता विकता निवृत्त झालेली माणसे अजून मोजकीच आहेत, त्यामुळे या वयानंतर काय करायचे याची मळलेली वाटही नाही.

या वयात नवे काही सुरू करताना घराचे हप्ते चालू असतात, मुले दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असतात आणि आई-वडिलांच्या औषधांचा खर्च वाढलेला असतो. म्हणून बहुतेकांना नवे काम नोकरी सांभाळूनच उभे करावे लागते. ते कोणत्या क्रमाने करावे, कुठे अडते आणि नोकरी कधी सोडावी, हे पुढे दिले आहे.

धंद्याची रचना

लीज लाइन म्हणजे एका ग्राहकासाठी राखून ठेवलेली जोडणी. घरगुती ब्रॉडबँडवर एकच क्षमता अनेकांत वाटली जाते. लीज लाइनवर ५० एमबीपीएस घेतले तर अपलोडला ५० आणि डाउनलोडलाही ५० मिळावे लागतात. सोबत स्टॅटिक आयपी आणि एसएलए, म्हणजे सेवेच्या दर्जाची लेखी हमी येते. ९९.५ टक्के अपटाइमची हमी असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात लाइन ३ तास ३६ मिनिटे बंद राहिली तरी करार मोडत नाही, ९९.९ टक्के असेल तर ही सूट ४३ मिनिटांवर येते. ग्राहक जास्तीचे पैसे मोजतो ते या फरकासाठी.

विक्रीचा क्रम लांब असतो. भेट, फिजिबिलिटी (म्हणजे त्या जागेपर्यंत लाइन नेता येईल का याची तपासणी), कोटेशन, घासाघीस, पीओ म्हणजे खरेदीचा लेखी आदेश, कागदपत्रे, केबल टाकण्याच्या परवानग्या, लाइन चालू होणे आणि मग पहिले बिल. ग्राहकाच्या दारापर्यंत फायबर पोहोचत नाही असे फिजिबिलिटीत निघाले की आधीची मेहनत तिथेच संपते. विक्रेत्याच्या उत्पन्नाचे दोन भाग असतात: ठरलेला पगार आणि टार्गेटवर मिळणारा इन्सेंटिव्ह.

चाळिशीनंतर या रचनेचा ताण दोन बाजूंनी जाणवतो. एक, बँडविड्थचा दर वर्षानुवर्षे उतरत गेला आहे. रिन्युअलच्या वेळी ग्राहक त्याच पैशात दुप्पट एमबीपीएस मागतो, म्हणजे टार्गेट रुपयांत असेल तर तेवढ्याच रकमेसाठी जास्त ऑर्डरी आणाव्या लागतात. दोन, क्षेत्रातल्या कंपन्यांची संख्या घटली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, त्याच सुमारास काही कंपन्यांनी मोबाइल सेवा गुंडाळली. बीएसएनएलची २०१९ ची स्वेच्छानिवृत्ती योजना तर थेट पन्नाशी गाठलेल्यांसाठीच होती. अर्जाला ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर असा एकच महिना होता आणि सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी निवृत्त झाले. निर्णय बाहेरून येतो तेव्हा विचाराला वेळ एवढाच मिळतो. दुसऱ्या कामाची तयारी त्याआधीच, नोकरी नीट चालू असताना करावी लागते ती यासाठी.

हातात काय आहे, याची मोजदाद

‘आपल्याला फक्त विक्री येते’ हा या व्यवसायातल्या माणसांचा नेहमीचा गैरसमज. एक साधा प्रसंग पाहिला तरी तो दूर होतो. चाकणच्या एका मध्यम कारखान्यात संध्याकाळी सहाला लाइन बंद पडते. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने ऑगस्ट २०२३ पासून कारखान्याला ई-इनव्हॉइस काढावेच लागते आणि मालाबरोबर ई-वे बिल लागते. दोन्ही पोर्टलवर होतात. माल भरलेली गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळलेला, डिस्पॅचवाला मोबाइलचे हॉटस्पॉट लावून धडपडतोय आणि मालकाचा फोन विक्रेत्याला. विक्रेता नेटवर्क सेंटरला तिकीट टाकतो, रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटल्याचे शोधून काढतो, स्प्लायसिंगची टीम निघाली का ते विचारतो आणि मालकाला खरी वेळ सांगतो. पुढच्या आठवड्यात तोच त्या कारखान्याला दुसऱ्या मार्गाने येणारी बॅकअप लाइन सुचवतो.

या एका तासात विक्रीखेरीज बरेच काही घडलेले असते. छोट्या उद्योगाचे काम कुठे अडते, पैसे देण्याचा निर्णय मालक घेतो की पर्चेस खाते, चिडलेल्या माणसाला किती आणि काय सांगायचे, तांत्रिक बिघाड साध्या मराठीत कसा समजावायचा, हे सगळे विक्रेत्याला येते. नगरपालिका, एमआयडीसी आणि सोसायट्यांच्या परवानग्यांमागे धावण्याची सवय असते. थकलेले बिल संबंध न बिघडवता वसूल करता येते.

मोजदाद कागदावर करावी. मिळालेल्या शेवटच्या दहा ऑर्डरी आणि हुकलेल्या दहा, अशी वीस नावे लिहावीत. प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: निर्णय कोणी घेतला, कशामुळे घेतला आणि त्यात कंपनीच्या नावाचा वाटा किती, विक्रेत्याचा किती. मोठ्या कंपनीच्या नावावर आलेली ऑर्डर ही विक्रेत्याची पुंजी नव्हे; नोकरी सुटली की ती मागेच राहते. ‘तुम्ही सांगितले म्हणून घेतले’ असे ज्या ग्राहकांनी म्हटले, तिथे विक्रेत्याने नेमके काय केले होते ते शोधावे. नव्या कामात तेवढेच बरोबर येते.

कोणत्या दिशा

पहिली दिशा धंद्याला लागून असलेली. छोट्या कार्यालयांना वाय-फाय, फायरवॉल, सीसीटीव्हीचे जाळे, बॅकअप लाइन याबद्दल सल्ला देणारा तटस्थ माणूस हवा असतो. बिलांची तपासणी हे असेच एक काम. समजा, एखादी कंपनी १०० एमबीपीएसचे पैसे भरते आहे आणि लाइनचा वापर दाखवणाऱ्या एमआरटीजीच्या आलेखात वर्षभरातला सर्वाधिक वापर ३५ च्या पुढे गेलेला नाही. रिन्युअलला ५० एमबीपीएस घेऊन उरलेल्या पैशातून वेगळ्या कंपनीची छोटी दुसरी लाइन घेतली, तर खर्च न वाढवता भरवसा वाढू शकतो. हा सल्ला देण्याइतके ज्ञान अनुभवी विक्रेत्याकडे असतेच. मात्र ही दिशा नोकरीशी सर्वात आधी टक्कर घेते. त्याचा विचार पुढच्या भागात आहे.

दुसरी दिशा शिकवण्याची. व्यवस्थापन महाविद्यालयांत पाहुणे व्याख्याते म्हणून किंवा छोट्या कंपन्यांच्या विक्री-संघांना प्रशिक्षक म्हणून काम मिळू शकते. मानधन सुरुवातीला कमी असते, पण भांडवल लागत नाही आणि शनिवार पुरतात.

तिसरी दिशा शिक्षणाची. १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांसाठीच बांधलेले आहे. राहून गेलेली पदवी तिथे पुरी करता येते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावर २०१७ पासून अनेक अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरावे लागते. पदवी कशासाठी हवी हे मात्र आधी ठरवावे. पन्नाशीत नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळणे अवघड असते. त्या शिक्षणातून करायचे काम डोळ्यासमोर असेल तर मेहनत वाया जात नाही.

चौथी दिशा परवाना लागणाऱ्या विक्रीची. विमा, म्युच्युअल फंड आणि घरांचे व्यवहार या तिन्हींत विक्रेत्यांची ये-जा मोठी आहे. ओळखी असल्या म्हणून लगेच सुरुवात करता येत नाही. विम्याला प्रशिक्षण आणि परीक्षा, म्युच्युअल फंडाला एनआयएसएमची परीक्षा आणि ॲम्फीची नोंदणी, तर घरांच्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते. महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. या दिशेचा धोका असा की पहिले दहा ग्राहक नातेवाईक आणि मित्र असतात आणि अकरावा सापडत नाही.

पाचवी दिशा अगदी वेगळ्या कामाची: गावच्या जमिनीवर रोपवाटिका, काजू किंवा आवळ्यावर प्रक्रिया, कृषी पर्यटन, सुतारकाम, तबल्याचा वर्ग. इथे विक्रेत्याची एक सवय उपयोगी पडते. उत्पादन तयार होण्याआधी तो ग्राहकाला भेटतो. खाद्यपदार्थ असेल तर पहिली बरणी विकण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करावी.

निवड करताना एक कसोटी पुरेशी आहे. सहा महिन्यांत पूर्ण अनोळखी माणसाने पूर्ण किंमत मोजून ती वस्तू किंवा सेवा घेतली पाहिजे. तसे घडले नाही तर दिशा चुकली आहे किंवा किंमत, यांपैकी काय ते तपासावे.

नियुक्तिपत्र आधी वाचावे

बहुतेक नियुक्तिपत्रांत नोकरीत असताना दुसरे काम न करण्याचे किंवा लेखी परवानगी घेण्याचे कलम असते. ते बंधनकारक असते. गावच्या शेतीला किंवा शनिवारच्या वर्गाला सहसा हरकत घेतली जात नाही, तरीही परवानगी ई-मेलवर घेऊन जपून ठेवावी. तोंडी ‘चालेल’ हे रिपोर्टिंग मॅनेजर बदलला की संपते.

हितसंबंधांची टक्कर जिथे होते तिथे परवानगी मागण्याचाही प्रश्न नाही. स्वतःच्या कंपनीच्या ग्राहकाला पैसे घेऊन सल्ला देणे, पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर प्रतिस्पर्धी कंपनीची चॅनल पार्टनरशिप घेणे, फिजिबल न निघालेली चौकशी कमिशन घेऊन दुसऱ्याला देणे, ही तिन्ही कामे क्षेत्रात कानावर येतात आणि तिन्ही नोकरी घालवतात. ग्राहकांची यादी, रिन्युअलच्या तारखा आणि दर ही कंपनीची गोपनीय माहिती आहे. ती वैयक्तिक मेलवर पाठवणे हाच गुन्हा ठरवून कारवाई होऊ शकते. म्हणून सल्लागार व्हायचे असेल तर नोकरीत असताना फक्त अभ्यास, प्रमाणपत्रे आणि लेखन एवढेच करावे, पैसे घेऊन सल्ला राजीनाम्यानंतर द्यावा.

नोकरी सुटल्यानंतरची गोष्ट वेगळी. व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार रद्दबातल ठरतो. त्यामुळे ‘दोन वर्षे याच क्षेत्रात काम करू नये’ असे कलम राजीनाम्यानंतर सहसा टिकत नाही. गोपनीयतेचे कलम मात्र टिकते.

वेळेचे गणित

या नोकरीला स्वतःचे ऋतू आहेत. तिमाहीचा शेवटचा पंधरवडा आणि मार्च एंडिंग यांत दुसऱ्या कामाला हातही लागत नाही. म्हणून नव्या कामाचे वेळापत्रक आठवड्याचे न करता तिमाहीचे करावे. तेरा आठवड्यांपैकी दहा आठवडे धरावेत आणि प्रत्येकात सहा तास: शनिवारी चार, मधल्या दोन दिवशी एक-एक. वर्षाला हे २४० तास होतात. परीक्षेच्या तयारीला किंवा छोट्या उत्पादनाच्या चाचणीला एवढे पुरतात. दुकान चालवायला पुरत नाहीत. ज्या कामाला रोज हजर राहावे लागते ते नोकरीबरोबर सुरू करू नये, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाची तयारी असेल तरच करावे. ती तयारी गृहीत धरलेली नसावी. कामाचा आणि पैशाचा वाटा आधी बोलून ठरवावा.

दिवसभर भोसरी ते रांजणगाव अशा चकरा मारलेल्या माणसाचे रात्री दहानंतरचे तास कागदावर मोजले तरी कामाचे नसतात. सकाळचा एक तास रात्रीच्या दोन तासांना भारी पडतो.

पैशाची तयारी

पहिली पायरी म्हणजे घर ठरलेल्या पगारावर चालवणे. समजा पगार ६० हजार आहे आणि इन्सेंटिव्हची वर्षाची सरासरी महिना २० हजार पडते. घरखर्च आणि हप्ते ६० हजारांत बसवून इन्सेंटिव्ह वेगळ्या खात्यात टाकला, तर वर्षाला २ लाख ४० हजार जमतात. नव्या कामाचे भांडवल एवढेच. राहते घर गहाण टाकून किंवा भविष्यनिर्वाह निधी काढून सुरुवात करू नये.

दुसरी पायरी आरोग्यविम्याची. कंपनीचा गट-विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतंत्र पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३ वर्षे ठेवता येतो. मधुमेह किंवा रक्तदाब नुकता सुरू झालेल्या माणसाने नोकरीत असतानाच स्वतंत्र पॉलिसी घेतली, तर राजीनाम्याच्या दिवसापर्यंत हा काळ सरू शकतो.

तिसरी पायरी म्हणजे पेन्शनचा खरा आकडा पाहणे. कर्मचारी पेन्शन योजनेत १० वर्षांच्या सेवेनंतर हक्क मिळतो, पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. रक्कम ठरते ती वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०, आणि त्यासाठी धरायच्या वेतनाची मर्यादा २०१४ मध्ये १५ हजार ठरली. या हिशेबाने १८ वर्षांच्या सेवेला महिना ३,८५७ रुपये येतात. पेन्शनवर भिस्त ठेवणाऱ्याने हा आकडा एकदा समोर ठेवावा. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला सलग ५ वर्षे लागतात. चार वर्षे आठ महिन्यांवर राजीनामा देण्याआधी कॅलेंडर पाहावे.

कर, नोंदणी आणि कर्ज

पगाराबरोबर व्यवसायाचे उत्पन्न आले की आयटीआर-१ भरता येत नाही. फक्त पगार असलेल्याला जुनी की नवी करप्रणाली हे दरवर्षी निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न असताना नव्या प्रणालीतून एकदा बाहेर पडले की परतण्याची संधी एकदाच मिळते. छोट्या व्यवसायांसाठी असलेली अंदाजित नफ्यावर कर भरण्याची सोय कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला लागू नाही, त्यामुळे कमिशनवर काम करणाऱ्याने खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. सेवांवरच्या जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते आणि या २० लाखांत पगार धरला जात नाही.

उद्यम नोंदणी आधारच्या आधारे विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या राज्य कायद्यानुसार दुकान परवान्याऐवजी फक्त सूचना द्यावी लागते.

कर्जाच्या योजनांत वय महत्त्वाचे ठरते. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये आला तेव्हा सर्वसाधारण अर्जदारासाठी ४५ वर्षांची मर्यादा होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वरची मर्यादा ठेवलेली नाही. उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो, अनुदान नव्या उद्योगालाच मिळते. दोन्हींच्या चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचाराव्यात. प्रकल्प अहवाल लिहिण्याचे प्रशिक्षण महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राकडे मिळते.

नोकरी कधी सोडावी

ग्राहक सेवा बदलतो तेव्हा कोणताही अनुभवी विक्रेता त्याला एकच सांगतो: नवी लाइन चालू होऊ द्या, काही दिवस दोन्ही चालवा, सगळी कामे नव्या लाइनवर घेऊन पाहा आणि मगच जुनीला नोटीस द्या. हे दोन्हीकडचे बिल भरण्याचे दिवस महाग वाटतात, पण कारखाना बंद पडण्यापेक्षा स्वस्त असतात. स्वतःच्या बाबतीत मात्र हाच विक्रेता वाईट तिमाहीनंतरच्या रिव्ह्यू मीटिंगमधून बाहेर पडून रागाच्या भरात राजीनामा लिहितो.

राजीनाम्यानंतरच सुरू करायची सल्लागारी सोडली, तर चार गोष्टी जमल्या की नोटीस द्यायला हरकत नाही. नव्या कामातून सलग चार तिमाही ठरलेल्या पगाराच्या निम्मे तरी उत्पन्न आले आहे. निम्मे ग्राहक ओळखीबाहेरचे आहेत. वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे आणि आरोग्यविमा स्वतःच्या नावावर आहे. एवढे जमले नसेल तर नोकरी आणि दुसरे काम दोन्ही चालू ठेवावे. अनेकांचे दुसरे काम कायम दुसरेच राहते आणि त्यात कमीपणा नाही. शनिवारचा वर्ग किंवा गावची रोपवाटिका यांतून घर चालले नाही, तरी निवृत्तीच्या दिवशी हातात काम असते.

सुरुवात वीस नावांच्या त्या यादीपासून करावी. तिला एक रविवार आणि एक वही पुरते.